लखनौची ‘विजय सुपर’ : जुन्या स्कूटरचे वाढते मोल

लखनौच्या चारबाग रेल्वे स्थानकाबाहेर अनेक दशके प्रवाशांची ने-आण करणारी ‘विक्रम’ ही तीनचाकी ज्या कारखान्यात तयार होत असे, तेथीलच जुन्या स्कूटरसाठी आज संग्राहकांकडे चढ्या किमती मागितल्या जातात. कानपूर मार्गावरील सरोजिनीनगर येथील ‘स्कूटर्स इंडिया लिमिटेड’ हा तो सार्वजनिक उपक्रम.

या कंपनीची स्थापना १९७२ मध्ये झाली. मिलान येथील इनोसेंटी कंपनीची लॅम्ब्रेटा स्कूटरची यंत्रसामग्री विकत घेऊन लखनौला आणण्यात आली आणि १९७५ मध्ये उत्पादन सुरू झाले. भारतात ही स्कूटर ‘विजय सुपर’, तर परदेशात ‘लॅम्ब्रेटा’ या नावाने विकली गेली. १९९७ मध्ये दुचाकींचे उत्पादन थांबले आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली.

उत्पादन थांबल्याने उपलब्ध वाहनांची संख्या घटतच जाते. मूळ सुटे भाग दुर्मीळ होतात आणि लॅम्ब्रेटाचे चाहते युरोपातही असल्याने मागणी टिकून राहते. म्हैसूरची जावा, राजदूत ३५० किंवा यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलींच्या बाबतीतही हेच घडले आहे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने पुरातन वाहनांच्या नोंदणीचे नियम जारी केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेले आणि मूळ स्वरूपात जतन केलेले वाहन त्यासाठी पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून नोंदणी १० वर्षे वैध राहते. असे वाहन नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे व देखभाल एवढ्यापुरतीच मुभा आहे. मुंबईत ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ने त्याआधीच बनवलेल्या लॅम्ब्रेटांनी ही वयोमर्यादा पूर्वीच गाठली होती. लखनौच्या पहिल्या स्कूटर २०२५ पासून या मर्यादेत येऊ लागल्या आहेत.

मात्र मागितलेली किंमत म्हणजे वाहनाचे खरे मूल्य नव्हे. सांगाडा, बाह्य कवच वा इंजिन यांत मोठा बदल झाला असल्यास वाहन या नोंदणीस अपात्र ठरते. त्यामुळे नव्या रंगाच्या झळाळीपेक्षा सांगाडा व इंजिन यांवरील क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी जुळतात का, हे पाहणे खरेदीदाराच्या अधिक हिताचे ठरते. रंग पुन्हा देता येतो. हरवलेले मूळपण परत आणता येत नाही.