स्कूटर अर्ध्यातच मोडते

'द हू' या बँडच्या 'क्वाड्रोफिनिया'चा विषय निघाला की भले भले जाणकारही ठरलेलं उत्तर देतात: हे सगळं स्मरणरंजन. पार्का कोट, आरशांनी मढवलेल्या स्कूटर, १९६४ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर जुंपलेल्या मॉड आणि रॉकर या पोरांच्या टोळ्या. त्या पिढीला आपलं तरुणपण आठवतं, म्हणून हा रॉक ऑपेरा टिकला.

या मंडळींनी त्यावरचा चित्रपट पाहिलाय, तबकड्या ऐकलेल्या नाहीत, असा माझा वहीम आहे. फ्रँक रॉडमच्या १९७९च्या चित्रपटात कपड्यांचा थाट आहे आणि त्याच सुमारास मॉड फॅशन परतली, हे कबूल. पण पीट टाउनशेंडने एकहाती रचलेला अल्बम १९७३चा. तोवर मूळचे मॉड पांगले होते. अमेरिकेत तर ते रुजलेच नव्हते. तिथल्या मैफलींत मध्येच थांबून कथा समजावून सांगावी लागे. तरी अल्बम तिथे दुसऱ्या क्रमांकावर गेला. जे पाहिलंच नाही, ते आठवणार कसं?

शिवाय अल्बममध्ये कथेचा नायक, मॉड पोरगा जिमी, याची स्कूटर अर्ध्यातच मोडते. दुसरी बाजू संपेस्तोवर तिचा निकाल लागलेला असतो, तिसरी सुरू होते ती ब्रायटनच्या ट्रेनमध्ये. (आपल्याकडे बजाजच्या व्हेस्पावर अख्खं कुटुंब बसायचं, स्कूटरमधली बंडखोरी आपल्याला तशीही उमगली नसती.) मग हा पोरगा खेचतो कशाने?

'बेल बॉय' ऐका. ज्या हॉटेलची पोरांनी नासधूस केली होती, तिथेच जिमीला टोळीचा जुना नायक भेटतो, पाहुण्यांच्या बॅगा उचलताना. त्याचे शब्द ड्रमवादक कीथ मून गातो, तेही विदूषकी, फाटक्या आवाजात. आधी हसू फुटतं, मग साहेबाची बॅग धरलेला तो हात दिसतो आणि जिमीबरोबर आपलीही जिरते. आईबाप, डॉक्टर, नोकरी आधीच कामातून गेलेले. आता टोळीही गेली. हा भ्रमनिरास सोसायला १९६४ साली ब्रायटनला असण्याची गरज नाही.

आणि 'द पंक अँड द गॉडफादर'मध्ये जिमी ज्यांना देव मानत होता त्या गायकांचीच हजेरी घेतली आहे. तेव्हा टाउनशेंड अठ्ठावीस वर्षांचा, नावारूपाला आलेला. चाहत्याने आपल्यावर ठेवलेलं आरोपपत्र त्याने स्वतःच लिहिलं आणि आपल्याच बँडकडून गाऊन घेतलं. स्मरणरंजनवाले या गाण्याबद्दल सहसा बोलत नाहीत.