जड धातूंचे प्रदूषण व वनपक्ष्यांचे प्रजनन
धातुकांपासून (कच्च्या धातूंपासून) तांबे, निकेल इ. धातू मिळविताना भट्ट्यांच्या धुराबरोबर जड धातूंचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात व आसपासच्या वनांत साचतात. तेथील गायक पक्ष्यांच्या विणीवर त्यांचा होणारा परिणाम नैर्ऋत्य फिनलंडमधील हार्यावाल्ता या गावाभोवती विशेष बारकाईने अभ्यासला गेला आहे.

दुसऱ्या महायुद्धात सरहद्दीजवळील इमात्रा येथील तांब्याचा कारखाना १९४४ मध्ये हार्यावाल्ता येथे हलविण्यात आला. तेथे १९४५ पासून तांब्याचे व १९५९ पासून निकेलाचे उत्पादन सुरू झाले. धातुयुक्त धूळ व सल्फर डाय-ऑक्साइड यांमुळे कारखान्यालगतच्या पाइन वनाची अनेक दशके हानी होत राहिली.

टुर्कू विद्यापीठातील टापिओ एव्हा व एसा लेहिकोइनेन यांनी १९९१ पासून कारखान्यापासून निरनिराळ्या अंतरांवर घरट्यांसाठी लाकडी पेट्या टांगून दोन जातींच्या विणीची तुलना केली. कबऱ्या माशीमाराच्या (फिसेड्युला हायपोल्यूका) माद्या कारखान्याजवळ कमी अंडी घालीत. कवचे पातळ असत व पुष्कळ अंडी उबत नसत. याचे कारण केवळ विषबाधा नव्हते. लहान पक्ष्यांच्या शरीरात कॅल्शियमाचा साठा अल्प असल्याने कवचासाठी लागणारे कॅल्शियम मादीला अंडी घालण्याच्या दिवसांतच गोगलगायींच्या शंखांसारख्या खाद्यातून मिळवावे लागते. प्रदूषित जमिनीत गोगलगायी विरळ होत्या. कॅल्शियम मुबलक मिळाल्यास धातूंचा विषारी परिणाम सौम्य होतो, असेही पुढे आढळले.

मोठ्या वल्गुलीच्या (पॅरस मेजर) बाबतीत मात्र खाद्याचा तुटवडा अधिक महत्त्वाचा ठरला. पिलांना भरविण्यासाठी सुरवंट कमी पडत. सुरवंटांतून मिळणारी कॅरोटिनॉइड रंगद्रव्येही घटल्याने त्यांच्या पिसांचा पिवळा रंग फिका पडे. एकाच धुराचा परिणाम दोन जातींवर भिन्न मार्गांनी होतो, हे यावरून स्पष्ट झाले.

१९९० नंतरच्या दशकात कारखान्यातील सुधारणांमुळे उत्सर्जन पुष्कळ घटले. त्यानंतर माशीमाराची वीण सुधारल्याचे एव्हा व लेहिकोइनेन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केले. प्रदूषणाने ढासळलेले प्रजनन उत्सर्जन रोखल्यास काही वर्षांतच सावरू शकते, हे या दीर्घकालीन नोंदींमुळे दिसून आले. तथापि जड धातूंचे विघटन होत नसल्याने वनाच्या वरच्या मातीत ते दीर्घकाळ टिकून राहतात. म्हणून धूर कमी झाला, तरी जमीन निर्दोष होण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.