परांचीखालून जाणारा माणूस

शहरात परांची उभी राहिली की खाली पत्र्याचं कुंपण आलंच. ही रीत कुठून आली म्हणून शोधत गेलो, तर थेट इंग्लंडच्या 1847 सालच्या शहरसुधारणा कायद्यापाशी पोचलो. बांधकामाने पायवाट अडणार असेल तर कुंपण घाला, त्याच्या बाहेरून लोकांना चालायला फळ्यांची वाट आणि धरायला कठडा द्या, रात्री दिवा लावा. फळ्यांची वाट मात्र जागा पुरेशी असेल तरच! ही तरतूद मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात जवळजवळ जशीच्या तशी उतरली. तिथून 1949 च्या प्रांतिक महापालिका कायद्यात, म्हणजे पुण्याला आणि 1982 नंतर पिंपरी-चिंचवडलाही. कुंपणाला आयुक्तांची परवानगी आधी घ्यायची.

आता हिंजवडीच्या पुढचं माण बघा. आयटी पार्कचा तिसरा टप्पा इथला, आणि 2018 मध्ये पायाभरणी झालेल्या मेट्रोचं एक टोकही इथलंच. पार्कमध्ये एमआयडीसी, बाहेर 2015 पासून पीएमआरडीए. पण गावाचा कारभार वाढला तो 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याखाली. रस्त्यावरचा अडथळा हटवायचा अधिकार त्यात आहे, फळ्या-कठड्याची गोष्ट नाही. असणार कशी? तेव्हा माणमध्ये चार मजले कोण चढवत होतं!

मग आला बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा. केंद्राच्या 1998 च्या नियमांत परांचीवर अख्खं प्रकरण आहे. शिवाय इमारतीभोवती किमान दोन मीटर रुंदीचं संरक्षक छत, जमिनीपासून पाच मीटरच्या आत, बाहेरची कड थोडी उंच, म्हणजे पडलेली वीट आतल्या बाजूला घरंगळेल. नियम करणाऱ्याने डोकं चालवलंय, मानलं. पण हे छत पंधरा मीटर किंवा त्याहून उंच होणाऱ्या इमारतींना. नोकरदार पोरांना खोल्या द्यायला गावठाणात जे तीन-चार मजले चढतात, ते बहुधा त्याखालीच राहतात. वीट तिसऱ्या मजल्यावरून पडली तरी डोकं फुटायचं ते फुटतंच.

कायदाच मुळी दहा कामगारांपासून पुढे लागू व्हायचा. स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम त्यातून वगळलेलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली. तिच्यात राहत्या घराची ही सूट पन्नास लाखांपर्यंत गेली आहे.