बहात्तरचा दुष्काळ: धान्याच्या टंचाईपासून पाण्याच्या टंचाईपर्यंत

सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा पट्टा आहे. पुणे, अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर), सोलापूर, सांगली, बीड आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) या जिल्ह्यांचा बराचसा भाग त्यात येतो. जमिनीखाली काळा कातळ. पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, म्हणजे साठा मुळातच तुटपुंजा.

१९७० आणि १९७१ या दोन्ही वर्षी पाऊस कमी झाला आणि १९७२ मध्ये त्याने पाठच फिरवली. खरीप गेला. ओल नसल्याने रब्बीची ज्वारीही गेली आणि तिच्याबरोबर कडबा गेला. ज्वारीच्या मुलखात धान्य आणि वैरण एकाच ताटावर येतात. म्हणून माणसाची उपासमार आणि गुरांची उपासमार एकदमच सुरू झाली. बैल मिळेल त्या भावाला विकले गेले. पुढे पाऊस पडला तरी औत धरायला जोडी नाही, ही अडचण दुष्काळ सरल्यावरही उरली. शेतमजुराचे काम बुडाले, आणि कुणब्याच्या खळ्यावर जगणाऱ्या बलुतेदारांचेही.

मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने गावोगावी कामे काढली: खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. कालपर्यंत दुसऱ्याला कामाला लावणारा बागायतदारही तिथे पाटी उचलत होता. खायला परदेशी तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो, आणि सुकडी. मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली ते तिच्या चवीविषयी आजही चांगले बोलत नाहीत.

मागेल त्याला काम देण्याची कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची, तिचा प्रयोग १९६५ मध्येच तासगाव तालुक्यात झाला होता. दुष्काळाने तिला राज्यभर नेले. १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर बसवला गेला, म्हणजे शहरी पगारदाराच्या खिशातून खेड्यातली मजुरी निघू लागली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

बहात्तरला खायला नव्हते, पण प्यायला कुठेतरी पाणी सापडे, असे जुनी माणसे सांगतात. त्याच दुष्काळानंतर कातळ फोडणारी बोअरची यंत्रे खेड्यांत पसरली, पाठोपाठ विजेचे पंप आले. विहिरीच्या पाण्यावर ज्वारीऐवजी ऊस उभा राहिला, कारण उसाला कारखान्याचे खात्रीचे गिऱ्हाईक होते. ज्याच्या बोअरला पाणी लागले तो सावरला. ज्याचे कोरडे गेले त्याच्याकडे कर्ज उरले. बीडच्या कोरडवाहू गावांतून नवरा-बायकोचा ‘कोयता’ मुकादमाची उचल घेऊन दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाऊ लागला.

२०१६ च्या दुष्काळात रेशनच्या दुकानांत गहू-तांदूळ होता. लातूर शहराला मात्र प्यायला पाणी नव्हते. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या.