सिंगापूरमधील 'ट्रिम अँड फिट' उपक्रम (१९९२-२००७) : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शालेय आहाराचा इतिहास हा प्रामुख्याने अभावाचा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १९०६ साली शालेय भोजनाचा कायदा झाला. त्यामागे बोअर युद्धाच्या काळात सैन्यभरतीत अपात्र ठरलेल्या तरुणांविषयीची चिंता होती. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी मध्यान्ह भोजन योजना सुरू झाली, तीही कुपोषण आणि शाळागळती डोळ्यांपुढे ठेवून. सिंगापूरसारख्या वेगाने संपन्न झालेल्या देशापुढे मात्र याच सुमारास उलट प्रश्न उभा राहिला. तो प्रश्न बालकांच्या स्थूलतेचा होता.

उपक्रमाचे स्वरूप :
सिंगापूरच्या शिक्षण मंत्रालयाने १९९२ साली 'ट्रिम अँड फिट' उपक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांचे वजन व उंची मोजणे, शारीरिक क्षमता चाचण्या घेणे, उपाहारगृहातील पदार्थांवर लक्ष ठेवणे आणि स्थूल विद्यार्थ्यांकडून जादा व्यायाम करवून घेणे ही त्याची प्रमुख अंगे होत. हा व्यायाम अनेकदा मधल्या सुट्टीत किंवा शाळेच्या वेळेबाहेर घेतला जाई. स्थूल विद्यार्थ्यांचे प्रमाण आणि चाचण्यांचे निकाल यांवरून शाळांना पुरस्कार मिळत. त्यामुळे मुलाचे वजन हा शाळेच्या प्रतिष्ठेचा विषय बनला.

यश आणि मर्यादा :
आकडेवारीच्या दृष्टीने उपक्रम यशस्वी ठरला. स्थूल विद्यार्थ्यांचे प्रमाण १९९३ मधील ११.७ टक्क्यांवरून २००६ मध्ये ९.५ टक्क्यांवर आले. तथापि, सर्वांच्या देखत वेगळी काढलेली मुले चेष्टेचा विषय झाली. उपक्रमाच्या नावातील 'टी-ए-एफ' ही इंग्रजी आद्याक्षरे उलट क्रमाने वाचल्यास 'फॅट' म्हणजे 'लठ्ठ' असा शब्द होतो. हा योगायोग मुलांच्या नजरेतून सुटला नाही. पालकांच्या तक्रारी आणि वैद्यकीय वर्तुळातील टीका यानंतर २००७ मध्ये उपक्रम थांबविण्यात आला. त्याच्या जागी सर्व विद्यार्थ्यांच्या शारीरिक, मानसिक व सामाजिक आरोग्याचा एकत्रित विचार करणारी चौकट आली. २०११ पासून उपाहारगृहातील संपूर्ण जेवणच सकस करण्यावर भर देण्यात आला.

या बदलाने प्रश्न मिटला असे म्हणता येत नाही. स्थूल विद्यार्थ्यांचे प्रमाण २०१७ मधील १३ टक्क्यांवरून २०२१ मध्ये १६ टक्क्यांवर गेले. मधल्या काळात कोविडची साथ येऊन गेली होती, हेही लक्षात घ्यावे लागते.

भारतीय संदर्भ :
भारतात दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची वाढ खुंटलेली होती, तर अतिवजनाचे प्रमाण आधीच्या फेरीतील २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेले होते. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये शालेय उपाहारगृहांत जंक फूडवर बंदी घातली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या परिसरात अतिरिक्त मेद, मीठ व साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. हे उपाय परिसर बदलतात, एखाद्या मुलाकडे बोट दाखवीत नाहीत.

निष्कर्ष :
वजनाचा आकडा कमी करणे आणि मुलाचे आरोग्य सुधारणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे सिंगापूरच्या पंधरा वर्षांच्या अनुभवातून स्पष्ट होते. सकस आहार आणि खेळ सर्व मुलांच्या वाट्याला आले तर तो त्यांचा हक्क ठरतो. तेच निवडक मुलांवर लादले तर ती शिक्षा ठरते. शालेय धोरण आखताना हा भेद विसरून चालणार नाही.