आठ सेकंदांची सूचना आणि बेंगळुरूच्या टाकीतला ढग

२१ मे २०२४. लंडनहून सिंगापूरला निघालेले सिंगापूर एअरलाइन्सचे एसक्यू ३२१ हे बोइंग ७७७ विमान म्यानमारवरून ३७,००० फूट उंचीवर चालले होते. आत २११ प्रवासी आणि १८ कर्मचारी होते. वैमानिकांनी काहीही न करता विमान वर उचलले जाऊ लागले. ऑटोपायलटने नाक खाली वळवले. वेग वाढू लागला, तेव्हा वैमानिकांनी स्पीडब्रेक उघडून तो आवरला. याच धांदलीत सीटबेल्टचा दिवा लागला. मुख्य तडाख्याला तेव्हा जेमतेम ८ सेकंद उरले होते.

उड्डाणनोंदीनुसार उभ्या दिशेचे त्वरण ०.६ सेकंदात +१.३५ जीवरून -१.५ जीवर गेले. पट्टा न बांधलेली माणसे छताकडे फेकली गेली. पुढच्या ४ सेकंदांत त्वरण पुन्हा +१.५ जी झाले आणि ती खाली आदळली. या काळात विमानाची उंची घटली ती केवळ १७८ फुटांनी, म्हणजे सुमारे ५४ मीटरने. इजा झाली ती त्वरणाच्या या अचानक पालटामुळे. वैमानिकांनी ऑटोपायलट काढून २१ सेकंद विमान हाताने सावरले, जखमींची माहिती मिळताच ते बँकॉककडे वळवले आणि उतरताच मिळावी अशी वैद्यकीय मदत मागवली. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले.

विमान बहुधा वाढत्या ढगांच्या प्रदेशावरून जात होते, असे प्राथमिक तपासात म्हटले आहे. वाढत्या ढगाला बळ कोठून मिळते, हा प्रश्न बेंगळुरूत फार आधीपासून अभ्यासला जात होता. सतीश धवन १९५१ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत आले. त्यांचे विद्यार्थी रोद्दम नरसिंह यांनी शांत प्रवाह प्रक्षुब्ध कसा होतो, यावर १९५७ मध्ये मूलभूत शोधनिबंध लिहिला. पुढे नरसिंह ढगांकडे वळले.

बाष्पाचे थेंब होताना अप्रकट उष्मा बाहेर पडतो आणि ढगाला वाटेतच नवा जोर मिळतो. हे प्रयोगशाळेत कसे घडवायचे? नरसिंह आणि सहकाऱ्यांनी पाण्याच्या टाकीत वर चढणारा प्रवाह सोडला, त्यातले पाणी किंचित आम्ल घालून विद्युतवाहक केले आणि ठरावीक उंचीवर वीज सोडून ते तापवले. ही पद्धत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. २०११ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की, असा तापवलेला प्रवाह एका टप्प्यानंतर आजूबाजूचे पाणी कमी ओढून घेतो. म्हणजे ढग साध्या धुराच्या लोटासारखा वाढत नाही.

वैमानिकाची अडचण येथेच आहे. विमानातील रडारला पाण्याचे थेंब चांगले दिसतात; बर्फाचे कण अंधूक दिसतात आणि स्वच्छ हवेतली खळबळ तर दिसतच नाही. म्हणून सूचना कधीकधी काही सेकंदांचीच असते. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला जाणाऱ्या विमानात, उतरण्याच्या टप्प्यात, प्रवाशांबरोबर केबिन कर्मचारीही जखमी झाले होते.

एसक्यू ३२१ नंतर त्या कंपनीने सीटबेल्टचा दिवा लागलेला असताना जेवण वाढणे थांबवले. ट्रॉली आवरून जागेवर बसायला ८ सेकंद पुरत नाहीत. दिवा विझलेला असतानाही बसल्या जागी पट्टा बांधून ठेवा, ही नेहमीची उद्घोषणा याच हिशेबावर उभी आहे.