मावळातील गोंदण : गरिबाचा दागिना आणि दस्तऐवज

चैत्रात कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेची यात्रा भरते. मुंबई-रायगडकडचे कोळी आणि आगरी बांधव पालख्या घेऊन येतात, आणि वरपर्यंतच्या पायऱ्या माणसांनी फुलून जातात. देवीच्या देवळाला लागूनच कार्ल्याचे प्रसिद्ध चैत्यगृह आहे. सुमारे 2,000 वर्षांपूर्वीच्या या लेण्यात ज्यांनी ज्यांनी दान दिले, त्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आहेत. त्यांत वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे, धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे, आणि त्याच गावचा सामी नावाचा एक सुतारही आहे. आमची हयात कामगार चळवळीत गेली असल्यामुळे श्रेष्ठींना नमस्कार करून आम्ही दर वेळी या सुताराच्या नावापाशी थांबतो. कष्टकऱ्याचे नाव दगडावर आले, अशी उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी यात्रेच्या दिवसांत गोंदणारा बसलेला असतो. पुढ्यात नमुन्यांचा फलक, हातात बॅटरीवर चालणारे यंत्र आणि भोवती पोरांचा गराडा. कोणी आईचे नाव काढून घेतो, कोणी त्रिशूळ, कोणी देवीचा मुखवटा. वर दगडावरची नावे आणि खाली कातड्यावरची नावे पाहून आमच्या मनात असे आले, की ज्याला दगड परवडत नाही त्याने काय करावे? मावळच्या बायकांनी या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिलेले आहे. आजचे व्याख्यान त्या उत्तराविषयी आहे.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढले जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयात. परंतु पहिले पुस्तक म्हणाल तर ते आईचा हात. आई नाणे मावळातली. तिच्या कपाळावर चंद्रकोर होती, हनुवटीवर एक टिंब, मनगटाशी विंचू, पंजाच्या पाठीवर पाच टिंबे आणि उजव्या दंडाखाली तुळशीवृंदावन. लहानपणी आम्ही त्या रेषांवरून बोट फिरवीत असू आणि ‘हे काय, ते काय’ असे विचारून तिला भंडावीत असू. पाच टिंबे म्हणजे पाच पांडव, असे ती सांगे. विंचू कशाला, तर भातखाचरात विंचवाने डसू नये म्हणून. आणि तुळस? ‘वारीला जायला जमत नाही रे बाबा, म्हणून वारीच हातावर घेतली.’ लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणीच पुढे देहू-आळंदीला जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे मावळच्या बाईच्या हातावर तुळस का, हे निराळे सांगावे लागत नाही.

गोंदणे हा पूर्वी भटक्या समाजांतील बायकांचा व्यवसाय होता. सुगी आटोपली की गोंदणारीण वाडीवस्तीवर येई. तीनचार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी पाल्याच्या रसात नाहीतर दुधात खललेली, आणि वर लावायला हळद व तेल. एवढेच तिचे भांडवल. मोबदला म्हणजे पसा-दोन पसे तांदूळ. काळी काजळी टोचली तरी उमटते ती हिरवी-निळी, कारण रंग त्वचेच्या वरच्या थरात नव्हे, आतल्या थरात बसतो, आणि वरच्या कातडीतून तो निळसर दिसतो. वरची कातडी सतत झडून नवी येत राहते. आतला रंग मात्र तेथील पेशी धरून ठेवतात. म्हणून गोंदण पुसत नाही.

या न पुसण्यातच त्याचे खरे मोल आहे. ‘मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं,’ असे म्हातारी माणसे म्हणतात. हे वाक्य पुष्कळ जण भोळी समजूत म्हणून सोडून देतात. आम्ही त्याचा अर्थ जरा निराळा लावतो. ही वसंत व्याख्यानमालांची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली सुरू केली. त्याच साली, 12 मे रोजी, आपल्याच जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ज्यांची नोंद आहे, ते हेच. ज्या मुलखात जमीन, बैल आणि बायकोच्या अंगावरची चांदी सावकाराच्या पेटीत जाई, त्या मुलखात बाईजवळ गहाण पडू न शकणारा दागिना एकच उरे. मनगटावरच्या टिंबांच्या ओळी पाटल्यांच्या जागी, गळ्याजवळची नक्षी हाराच्या जागी असे पाहिले म्हणजे हा हिशेब कळतो. ‘संगं येतं’ यात परलोक असेल. पण या लोकी कोणी ते हिसकावू शकत नाही, हाही दिलासा त्यात आहे.

गोंदणाची बाकीची कारणेही जगण्यातूनच आलेली आहेत. हनुवटीवरचे किंवा गालावरचे टिंब दृष्ट लागू नये म्हणून. पाळणा आणि मासोळी ही घरात मूल खेळावे म्हणून. मोर निव्वळ हौसेचा. पुरुष मंडळी दंडावर मारुती काढून घेत, कारण तालमीत त्याच्यावाचून पान हलत नसे. सांधे दुखतात म्हणून दुखऱ्या जागी गोंदून घेणारी माणसेही आम्ही पाहिली आहेत. याला हसण्याचे कारण नाही. 1991 साली आल्प्स पर्वताच्या बर्फात सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे प्रेत सापडले. त्याच्या अंगावर 61 गोंदणे आहेत, आणि त्यांतील कित्येक कंबर, गुडघा, घोटा अशा झिजणाऱ्या जागांजवळ आहेत. तीही दुखण्यावरच्या उपचारासाठीच असावीत, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते.

आता नावाच्या गोंदणाकडे येऊ. जुन्या वळणाच्या बाईने नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही. परंतु ते हातावर लिहून घ्यायला मात्र हरकत नव्हती. अशाच एका म्हातारीचे प्रकरण काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले होते. नवरा कारखान्यात राबून वारलेला. निवृत्तिवेतनाच्या कागदांवर त्याचे नाव एका तऱ्हेने, शिधापत्रिकेवर दुसऱ्या तऱ्हेने. कचेरीतल्या कारकुनाने विचारले, ‘आजी, यातले खरे नाव कोणते?’ आजी बोलेना. तिने पदर सावरला आणि पालथा हात त्याच्या टेबलावर ठेवला. हातावर नाव होते, परंतु तेही एका कान्याच्या फरकाने तिसरेच! गोंदणारीण अक्षरशत्रू, कोणी लिहून दिले असेल तसे तिने टोचलेले. कारकून म्हणाला, ‘हा काही पुरावा होत नाही.’ कायद्याने त्याचे बरोबर होते. प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, पुन्हा प्रतिज्ञापत्र असे करीत आठ महिन्यांनी पैसे सुटले. पण ज्या नावासाठी तिने लहानपणी सुया सोसल्या, ते नाव पुरावा होत नाही, हे तिला आम्हांला समजावून सांगता आले नाही.

कष्टकऱ्यांच्या नावांची ही हेळसांड नवी नव्हे. खंडाळ्याचा बोरघाट 1856 ते 1863 या काळात फोडला गेला. हजारो मजूर तेथे एकाच वेळी राबत होते. सुरुंग, दरडी आणि पटकी यांनी त्यांतले किती तरी दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली येथे येताच आजाराने वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालविले. ही दोन नावे इतिहासाला ठाऊक आहेत, आणि ती असावीतही. परंतु पहारी चालविणाऱ्यांची नावे घाटातल्या कोठल्याही कड्यावर आमच्या पाहण्यात नाहीत. ज्यांच्या हातावर ती होती, त्या बायकांबरोबर ती चितेवर गेली.

तथापि गोंदणाचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. सुई तीच असली तरी ती कोणाच्या हुकमाने चालते, याला महत्त्व आहे. इंग्रजांच्या अमलात बंगाल प्रांती 1797 च्या कायद्याने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदीत. ही चाल 1849 साली बंद झाली. पुढे नाझींनी आउश्वित्झच्या छावणीत माणसांच्या हातांवर आकडे गोंदले. ही टोके झाली. पण आपल्या घरात काय होते? सहा-सात वर्षांच्या पोरीला दोघीतिघींनी धरून ठेवायचे, ती रडत असता टोचायचे, आणि गोंदण नसेल तर सासरी टोमणे खायला लावायचे! आणि बायकोच्या हातावर नवऱ्याचे नाव असे, तसे नवऱ्याच्या हातावर बायकोचे नाव आमच्या बापाच्या पिढीत आम्ही एकही पाहिले नाही. आईला आम्ही एकदा विचारले, की तू हे आपखुशीने घेतलेस का? ती म्हणाली, ‘विंचू नको म्हणत होते. तुळस मी मागून घेतली.’ आमच्या मते या विषयाचे मर्म या दोन वाक्यांत आहे.

अंगावरची खूण लादलेली की मागून घेतलेली, हा प्रश्न महाडला डिसेंबर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे ठेवला होता. लुगडे नेसण्याची पद्धत आणि गळ्याहातांतले जाड दागिने ही अस्पृश्यतेची ओळख झाली आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले आणि स्त्रियांनी ते ऐकले. त्याच बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी मावळच्या वेशीवर देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. आज त्या भागातले तरुण हातावर ‘जय भीम’ किंवा बाबासाहेबांची सही गोंदून घेतात. लादलेली खूण टाकलेल्यांच्या नातवांनी ही खूण मागून घेतली आहे.

आता लोणावळ्याच्या बाजारात आणि तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत दिसणारे गोंदण पाहू. सॅम्युएल ओरायली याने न्यूयॉर्कला 1891 साली विजेच्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले. एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून ते बेतलेले होते. त्याचेच वंशज आज आमच्या जत्रेत गुणगुणतात. छत्रपतींची मुद्रा, महादेव, ‘आई’ ही दोन अक्षरे, तान्ह्या बाळाची पावले, जन्मतारीख असे नमुने तरुणांना प्रिय आहेत. कंत्राटी कामगाराची नोकरी अकरा महिन्यांची, खोली भाड्याची, गाव दूर. अशा पोराला कायमचे असे काहीतरी जवळ असावेसे वाटले, तर त्याला उथळ म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आजीला जी ओढ होती तीच त्याला आहे.

मात्र त्याला दोन गोष्टी बजावल्या पाहिजेत. एक म्हणजे सुई आपल्यासमोर नवी फोडलेली असावी, कारण दुसऱ्याच्या रक्ताने माखलेल्या सुईतून कावीळ आणि एड्स यांचे विषाणू जातात. गोंदल्यावर वर्षभर रक्तदानही करू नये असा नियम आहे. दुसरी म्हणजे, मावळची पुष्कळ मुले सैन्यभरतीसाठी पहाटे धावत असतात. तेथे हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि पंजाची पाठ एवढ्याच जागी कायमचे गोंदण चालते. आदिवासींना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. दंडावरचा वाघ भरतीच्या दिवशी आडवा येतो, हे आधी कळलेले बरे.

शेवटी एक विनंती. मावळ-मुळशीच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी गावोगाव हिंडून टिपल्या. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. जी अक्षरे बायकांना शिकू दिली नाहीत, त्यांची भरपाई त्यांनी गळ्याने केली, तशीच हातानेही केली. ओव्या वाचल्या, गोंदण अजून सांडते आहे. शाळा-कॉलेजातील मुलांनी या सुट्टीत आपापल्या आजीजवळ बसावे, तिच्या हातावरचे नमुने वहीत उतरवून घ्यावेत, आणि प्रत्येकापुढे तिचे कारण तिच्याच शब्दांत लिहावे. कोणते मागून घेतले आणि कोणते नको होते, हेही विचारायला विसरू नये.